दलालाची वही कोरी झाली पाहिजे

मी कोलकात्यात घरांचे व्यवहार जमवून देतो. मागच्या भागानंतर एकाने विचारलं, “दलालाला कसलं आलंय शिक्षण? ओळखी असल्या की झालं!” पंधरा वर्षं मीही हेच म्हणत होतो. मत कशामुळे बदललं, ते आज सांगतो.

2022 सालची गोष्ट. बडाबाजारात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारं विट्याकडचं एक कुटुंब फ्लॅट शोधत होतं. परमुलखात मराठी बोलणारा एजंट भेटला म्हणून त्यांनी सगळं माझ्यावर सोपवलं. फ्लॅट ठरला. उघड्या पार्किंगचे साडेतीन लाख वेगळे द्यायचे, असं मी सांगितलं. त्यांची कॉमर्स शिकणारी मुलगी म्हणाली, “काका, उघडी जागा सगळ्यांची असते ना? ती एकट्याला कशी विकता येते?” मी ठसक्यात म्हणालो, “बंगालचा कायदा वेगळा आहे, बाळा.” रात्री सहज तपासलं, तर मी ज्या कायद्याच्या नावावर बोललो होतो तो आदल्या वर्षीच रद्द झाला होता!

झालं होतं असं. केंद्राचा रेरा कायदा 2016 चा. पश्चिम बंगालने तो न स्वीकारता 2017 मध्ये स्वतःचा ‘हिरा’ कायदा केला. आम्ही एजंटांनी तोच पाठ केला. दोन्ही कायदे बरेचसे सारखे, पण मोक्याच्या जागी फरक. केंद्राच्या कायद्यात गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. उघडं पार्किंग सामायिक क्षेत्रात मोडतं. राज्याच्या कायद्याने पार्किंगची व्याख्या नियमांवर सोडली होती. 4 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने ‘हिरा’ घटनाबाह्य ठरवला. त्याखाली आधी झालेल्या नोंदण्या आणि मंजुऱ्या तेवढ्या कायम ठेवल्या. बातमी मी वाचली होती. पण तिचा माझ्या रोजच्या बोलण्याशी संबंध आहे, हे मला शिकवलं कुणी नव्हतं आणि मीही शिकलो नव्हतो.

पैसे दिले गेले नव्हते, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी जाऊन चूक कबूल केली. पण त्याआधीच्या वर्षभरात किती जणांना मी तेच सांगितलं असेल, याचा हिशेब आजही मनात टोचतो.

अनुभवाने माणसं ओळखता येतात. कोण नुसतं बघायला आलंय, कोण खरंच घेणार, हे मला जिना चढतानाच कळतं. कायदा बदलल्याचं मात्र अनुभवाने कळत नाही. कळतं तेव्हा कुणाचं तरी नुकसान झालेलं असतं. आणि आमच्या धंद्यात सतत काहीतरी बदलत असतं. राज्याने जुलै 2021 मध्ये मुद्रांक शुल्कात 2 टक्के सूट दिली. वारंवार मुदतवाढ मिळत ती 30 जून 2024 ला संपली. साठ लाखांच्या घरात हा फरक 1 लाख 20 हजारांचा. त्याच वर्षी 23 जुलैपासून घरविक्रीवरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या कराचं गणित बदललं. जुन्या वहीतले आकडे सांगणारा एजंट खोटारडा नसतो, पण गिऱ्हाइकाचं नुकसान तेवढंच होतं.

शिवाय प्रत्येक शहराचं आपलं व्याकरण असतं. इथे जमीन कठ्ठ्यात मोजतात. एक कठ्ठा म्हणजे 720 चौरस फूट, आणि सोळा छटाकांचा एक कठ्ठा. इथे ‘ठिका’ जमिनी आहेत : वरचं बांधकाम एकाचं, खालची जमीन सरकारकडे निहित. ठिका कंट्रोलरच्या दफ्तरात चौकशी न करता असा व्यवहार केला, तर आयुष्याची पुंजी अडकते. पूर्वेकडच्या पाणथळ जमिनी 2002 पासून रामसर यादीत आहेत. तिथे जमिनीचा प्रकार बदलायला 2006 च्या कायद्याने बंदी आहे. स्वस्त प्लॉट दाखवणाऱ्याला हे ठाऊक हवंच.

केंद्राचा कायदा एजंटाकडे नोंदणी मागतो, परीक्षा मागत नाही. महाराष्ट्राने पुढचं पाऊल टाकलं. महारेराने जानेवारी 2023 मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. वीस तासांचा अभ्यासक्रम आणि मग आयबीपीएसची परीक्षा. प्रमाणपत्र न घेतलेल्या जवळपास 20,000 एजंटांची नोंदणी जानेवारी 2024 मध्ये स्थगित झाली. काही जण म्हणतात, वीस तासांत काय शिकणार? बरोबर आहे. एकदा पास होऊन वही बंद केली, तर तोही माझ्यासारखाच फसेल. म्हणून मला वाटतं, दर नूतनीकरणाला मधल्या काळातल्या बदलांची उजळणी हवी.

मी आता महिन्यातला एक रविवार त्यासाठी ठेवतो. नवे नियम, रेराचे आदेश, शुल्काचे दर वाचतो आणि जुन्या वहीतलं चुकीचं पान फाडून टाकतो. कायद्याची खोच असली तर वकिलाकडे पाठवतो. “मला माहीत नाही” म्हटल्याने माझं एकही गिऱ्हाईक आजवर गेलेलं नाही.

तुम्ही घर घेणारे असाल तर एजंटाला तीन गोष्टी विचारा. तुमचा रेरा नोंदणी क्रमांक काय? या प्रकल्पाचा क्रमांक काय? आणि तुम्ही सांगताय तो नियम कुठल्या सालचा? पहिल्या दोन उत्तरांची खात्री रेराच्या संकेतस्थळावर करता येते. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर घाई करू नका.

त्या मुलीने मला तिसराच प्रश्न विचारला होता, फक्त वेगळ्या शब्दांत. ते कुटुंब आज त्याच फ्लॅटमध्ये राहतं. पार्किंगचे साडेतीन लाख त्यांच्याच खिशात राहिले. भेटूया पुढच्या भागात.