हप्ता टिकला तर एजन्सी टिकते

28 आणि साडेसात. निवृत्तीनंतर आयुर्विम्याची एजन्सी घ्यावी असं जळगाव-धुळ्यात ज्यांच्या मनात असेल, त्यांनी आधी हे दोन आकडे समजून घ्यावेत. 1 ऑक्टोबर 2024 पासून एलआयसीने दीर्घ मुदतीच्या नेहमीच्या पॉलिसींवरचं पहिल्या वर्षाचं कमिशन, बोनस धरून, 35 टक्क्यांवरून 28 वर आणलं आणि पुढच्या हप्त्यांवरचं 5 वरून साडेसात टक्के केलं. एजंटांना कपात झोंबली, ते साहजिकच आहे. पण साठीच्या उंबरठ्यावर सुरुवात करणाऱ्याचं सगळं गणित साडेसातवर उभं आहे.

जिल्हा परिषदेचा शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो, भुसावळचा रेल्वेवाला साठीला. ओळखी भरपूर, शब्दाला वजन, अंगात धमक. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे त्यांना पुढच्या कमाईची गरजही आहे. आत येण्याचा दरवाजा रुंद आहे: दहावी पास, 25 तासांचं प्रशिक्षण, 50 गुणांची परीक्षा आणि त्यात 35 टक्के, म्हणजे 18 गुण.

बायकांसाठी 9 डिसेंबर 2024 ला विमा सखी योजना सुरू झाली. वयाची मर्यादा 18 ते 70, म्हणजे निवृत्त अंगणवाडी सेविकेलाही ती खुली आहे. महिना मानधन पहिल्या वर्षी 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000, तिसऱ्या वर्षी 5,000. त्यासाठी वर्षाला 24 जणांचा विमा उतरवायचा आणि बोनस सोडून पहिल्या वर्षाचं कमिशन 48,000 रुपये व्हायला हवं. शिवाय आधीच्या वर्षीच्या किमान 65 टक्के पॉलिसी चालू राहिल्या तरच पुढचं मानधन मिळतं. योजनेतली सगळ्यात शहाणपणाची अट मला हीच वाटते.

बोनस वगळता कमिशन 20 टक्के धरलं, तर 48,000 साठी 2 लाख 40 हजारांचे हप्ते लागतात, माणशी 10,000. हाच हिशेब कुठल्याही नव्या एजंटाला लावून पाहू. पहिल्या वर्षी 28 टक्क्यांनी हातात 67,200 रुपये, महिन्याला 5,600. यात घर चालत नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. दर वर्षी तेवढंच काम केलं आणि एकही पॉलिसी बंद पडली नाही, तर पाचव्या वर्षी कमाई 1,39,200 आणि दहाव्या वर्षी 2,29,200, म्हणजे महिन्याला 19,100.

प्रत्यक्षात पॉलिसी बंद पडतात. एलआयसीच्याच आकड्यांनुसार 2023-24 मध्ये 61 व्या महिन्यापर्यंत हप्त्यांच्या रकमेपैकी 60.88 टक्केच टिकली. दुसऱ्या वर्षी 75 टक्के, मग दर वर्षी पाच-पाचने उतरत 60 वर स्थिर, अशी गळती धरली तर दहाव्या वर्षाची कमाई महिना 14,150 वर येते. म्हणजे सुमारे पाच हजारांची खोट, आणि ती काम कमी केल्याने आलेली नाही.

ही गळती खानदेशात कुठून होते, ते पिकांकडे पाहिलं की कळतं. पॉलिसी ज्या महिन्यात सुरू होते, त्याच महिन्यात दर वर्षी हप्ता येतो. शिंदखेडा-साक्रीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला जुलैत पॉलिसी दिली, तर बी-बियाणं आणि खतात हात रिकामा झालेला असताना हप्ता दारात उभा. मार्चअखेरच्या टार्गेटपायी दिली, तर त्याच 31 मार्चला पीककर्जही भरायचं असतं. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो. डिसेंबर-जानेवारीचा हप्ता टिकण्याची शक्यता जास्त. रावेर-यावलच्या केळीवाल्याचा पैसा कापणीवर ठरतो आणि मे-जूनचं वादळ बाग आडवी करून जातं. त्याला झेपेल त्याहून मोठा हप्ता गळ्यात मारणं म्हणजे आपलंच साडेसात टक्के बुडवणं. सवलतीची मुदत वार्षिक हप्त्याला 30 दिवस आणि मासिक हप्त्याला 15. एका फोनने वाचल्या असत्या अशा कितीतरी पॉलिसी ही मुदत उलटली की बंद पडतात.

‘पहिला हप्ता मी भरतो’ हा दुसरा रोग. विमा कायद्याच्या कलम 41 प्रमाणे अशी सूट देणं गुन्हा आहे, दंड 10 लाखांपर्यंत. व्यवहार म्हणूनही तो आतबट्ट्याचा: फुकट मिळालेल्या पॉलिसीचा दुसरा हप्ता भरायला माणूस कशाला धडपडेल?

आणि फॉर्ममधला तंबाखूचा प्रश्न. आपल्याकडे शेतावरचा गडी तंबाखू खातो, घरात मिश्री असते, हे एजंटाला ठाऊक असतं. तरी घाईत ‘नाही’ लिहिलं जातं. पुढे तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर कलम 45 खाली चौकशी होऊन दावा नाकारला जाऊ शकतो. ‘तुम्हीच तर फॉर्म भरला होता’ असं मग त्याची बायको एजंटालाच म्हणेल, आणि त्या गावात त्याला पंचविसावा ग्राहक मिळणार नाही.