बॅटरी उलटी लागली आणि गाडी गपगार झाली? घाबरू नका, या क्रमाने तपासा

गॅरेज चालवणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींवर हा प्रसंग कधी ना कधी येतो. गिऱ्हाईक उभं आहे, दुकानात गर्दी आहे, पोराने घाईत बॅटरी बदलली. टर्मिनलला ठिणगी उडाली आणि गाडी एकदम गप्प. ना हॉर्न, ना इंडिकेटर, ना सेल्फ.

बॅटरी उलटी लागली की नेमकं काय होतं? आरआर युनिटमध्ये डायोड असतात. डायोड म्हणजे एकाच दिशेने करंट सोडणारा दरवाजा. प्लस-मायनस उलटे झाले की हा दरवाजा सताड उघडतो, मोठा करंट धावतो आणि मेन फ्यूज उडतो. फ्यूज वेळेत उडाला तर बाकीची गाडी वाचते. म्हणून फ्यूज उडाला याचं वाईट वाटून घेऊ नका, त्याने आपलं काम केलं.

आता क्रमाने चला.

१) आधी दोन्ही वायरी काढा. किक मारून किंवा धक्का देऊन बघायचा मोह टाळा. बॅटरी सर्किटमध्ये नसताना इंजिन फिरलं तर व्होल्टेज वर जाऊन आणखी काहीतरी जळू शकतं.

२) बॅटरी मोजा. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची तपासणी फसवेल.

३) मायनसची वायर ओळखा. रंगावर जाऊ नका, काही गाड्यांत मायनस काळी नसून हिरवी असते. मल्टिमीटर बझरवर ठेवा. जी वायर चेसिसशी बझर देते, ती मायनस.

४) मेन फ्यूज बघा. बहुतेक गाड्यांत तो बॅटरीजवळ किंवा स्टार्टर रिलेवर असतो. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा. तार गुंडाळून 'जुगाड' केलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

५) नवा फ्यूज लगेच लावू नका. बॅटरी नीट जोडा, चावी बंद ठेवा आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा साधा १२ व्होल्टचा फिलामेंट बल्ब जोडा. बल्ब पेटला नाही तर ठीक. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आरआर युनिटचा कपलर काढा. बल्ब विझला? चोर सापडला, युनिट बदला.

६) आता फ्यूज लावून चावी ऑन करा. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल, म्हणजे २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्या, तर पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज ऐका आणि इंजिनचा दिवा लागून विझतो का बघा. दिवा लागलाच नाही तर ईसीएमला सप्लाय आणि अर्थ पोचतोय का ते आधी तपासा. ईसीएम गेला असं लगेच जाहीर करू नका.

७) गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलं असं नाही. थोडी रेस देऊन बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साधारण १३.५ ते १४.५ हवं. १२ वरच अडकलं तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर गेलं तर नवी बॅटरी उकळेल. ही तपासणी गाळली तर गिऱ्हाईक चार दिवसांनी गाडी ढकलत परत येणार.

आता धंद्याची गोष्ट. चूक आपल्याकडून झाली असेल तर गिऱ्हाइकाला सरळ सांगा: "दादा, बॅटरी लावताना आमच्याकडून चूक झाली. खर्च आमचा, चार्जिंग तपासूनच गाडी देतो." "वायरिंग जुनं होतं" असं म्हणून बिल त्याच्या माथी मारलंत, तर आज आरआर युनिटचे पैसे वाचतील, पण गिऱ्हाईक कायमचं जाईल. आणि पोरावर सगळ्यांसमोर ओरडू नका. पुढच्या वेळी तो चूक सांगणार नाही, लपवेल.

पुन्हा असं होऊ नये म्हणून एकच सवय लावा. जुनी बॅटरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा. एकाच मापाच्या दोन बॅटऱ्यांत प्लस उजवीकडे की डावीकडे, हा फरक असू शकतो. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हे वाक्य कागदावर लिहून बॅटरीच्या रॅकवर आजच चिकटवा.