हॅलोवीनचें सोंग : घरच्या घरीं

सोंग घेणें ही गोष्ट आपल्या घरांतील स्त्रियांना अगदींच परकी आहे असें नाहीं. मंगळागौरीच्या रात्रीं सासू-सुनेचें भांडण रंगवितांना डोक्यावर पदर घेऊन कमरेंत वाकणारी सासू आपण सर्वांनीं पाहिली आहे; आणि ती बहुधा घरांतली सर्वांत धाकटी सूनच असते! रंगभूमीवर मात्र हा मान पुष्कळ वर्षें पुरुषांकडेच राहिला. बालगंधर्वांच्या शालूची चर्चा घरोघर झाली; परंतु ज्या बायकांच्या नेसण्याकडे पाहून तें नेसणें उचललें गेलें असेल, त्यांना प्रेक्षागृहांत बसण्यापलीकडे काम नव्हतें.

अमेरिकेंत वर्षांतून एक रात्र अशी येते कीं, त्या रात्रीं लहानथोर सर्वांना, आणि म्हणून बायकांनाही, सोंग घेण्याची उघड मोकळीक असते. ३१ ऑक्टोबरच्या या रात्रीस तिकडे हॅलोवीन म्हणतात. सन २०२४ च्या शरद ऋतूंत आम्ही न्यू जर्सींत आमच्या भाचीकडे राहिलों होतों; आणि त्या वर्षीं योग असा आला कीं, आपल्या पंचांगाप्रमाणें नरकचतुर्दशी नेमकी त्याच दिवशीं होती. पहाटे अभ्यंगस्नान, कारीट मिळेना म्हणून चिमुकली काकडी पायाखालीं चिरडणें, फराळ. आणि दिवेलागणीला दारांत भुताखेतांची रांग! भाचीच्या सासूबाई, ज्यांना घरांत सर्वजण माई म्हणतात, त्या पुण्याहून सहा महिन्यांकरितां आल्या होत्या. त्यांना हें मुळींच रुचलें नाहीं. "मेलेल्या माणसांना आपण सर्वपित्रीला पान वाढतों, त्यांचीं सोंगें आणीत नाहीं," असें त्यांनीं एकदांच, पण अशा स्वरांत सांगितलें कीं, पुढें कोणी बोललें नाहीं.

भाचीची अडचणही खोटी नव्हती. तिच्या कचेरींत त्या दिवशीं वेष करून येण्याचा प्रघात. आदल्या वर्षीं ती एकटीच साध्या कपड्यांत गेली होती, आणि "तुमच्या धर्मांत हें चालत नाहीं कां?" या एकाच प्रश्नास दिवसभर उत्तरें देऊन दमून घरीं आली होती. त्यांतून तिची नणंदही सुटीवर यावयाची होती. "मावशी, तूंच कांहीं तरी काढ यांतून," असें म्हणून भाची मोकळी झाली.

या चालीचें मूळ पाहूं गेलें तर माईंचा भाव आणि आयर्लंडांतील जुन्या शेतकऱ्यांचा भाव यांत फारसें अंतर दिसत नाहीं. सुगी संपून हिवाळा लागतांना त्या लोकांत 'सॉविन' नांवाचा सण असे, आणि त्या रात्रीं मेलेल्यांचा व जिवंतांचा पडदा विरळ होतो अशी समजूत होती. पुढें ख्रिस्ती लोकांनीं १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस मानला. त्याची आदली रात्र तें हॅलोवीन. आयर्लंडांत आणि स्कॉटलंडांत मुलें वेष पालटून दारोदार जात व सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकांत आयरिश लोक मोठ्या संख्येनें अमेरिकेस गेले, तेव्हां सलगमाच्या जागीं तिकडचा भोपळा आला, आणि हळूहळू भीति जाऊन गंमत तेवढी उरली.

घरगुती सोंगांचा खरा बहर विसाव्या शतकाच्या आरंभीचा. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील डेनिसन नांवाची कंपनी चुण्यांचा रंगीत कागद, ज्याला क्रेप म्हणतात तो, तयार करीत असे. तो खपावा म्हणून १९०९ सालीं तिनें 'बोगी बुक' नांवाचें पुस्तक काढलें. त्यांत कागदाचे झगे, टोप्या, झालरी कशा कराव्या हें गृहिणींना चित्रांसह सांगितलेलें असे, आणि अशीं पुस्तकें पुढेंही अनेक वर्षें निघत राहिलीं. कागदाचा झगा आणि पेटती मेणबत्ती यांची संगत कशी होईल हें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या बाईस सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांतील तयार सोंगांचा सुकाळ झाला, आणि शिवणाचा डबा मागें पडला.

तयार सोंगें पाहावीं म्हणून आम्ही भाचीबरोबर एका दुकानांत गेलों. पुरुषांच्या बाजूस वैमानिकाचा वेष होता. त्यास घोट्यापर्यंत विजार, जाड कोट, सर्व कांहीं यथास्थित. बायकांच्या बाजूसही वैमानिक होती. तिचा झगा मांडीच्या निम्म्यावर संपलेला, कापड टिचकीनें फाटेल असें, आणि किंमत चाळीस डॉलरांहून अधिक! परिचारिका, पोलीस, चेटकीण, मधमाशी, सर्वांचा बेत एकच. भाची हंसली, आणि मग गप्प झाली. "हें घालून कचेरींत कोणापुढें उभी राहूं?" असें तिनें विचारलें. दुकान भरलेलें होतें; पण बाईला आपण कोण व्हावें हें ठरविण्याची तेथें सोयच नव्हती. आम्ही रिकाम्या हातांनीं परत आलों आणि कपाटावरची जुनी बॅग खालीं काढली.

आपला बहुरूपी पाहा. तो पोलीस होतो तेव्हां सबंध गणवेष थोडाच आणतो? एक खाकी टोपी, एक शिट्टी, आणि दरडावण्याची ढब. सोंगाला सबंध पोशाख लागत नाहीं. ओळखीची एक खूण लागते, आणि ती मात्र अचूक लागते. हें एकदां ध्यानांत आलें कीं घरांतील निम्मीं कपाटें उपयोगीं पडतात.

भाचीसाठीं आम्हीं 'रोझी' निवडली. १९४३ सालीं, पुरुष युद्धावर गेलेले असतांना, वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यांत लावण्यासाठीं जे. हॉवर्ड मिलर या चित्रकारानें एक भित्तिचित्र काढलें होतें. त्यांतील कामकरी स्त्री बाही वर सारून दंड दाखवीत आहे. तिला रोझी हें नांव मागाहून चिकटलें. आतां तें चित्र अमेरिकेंत शाळकरी मुलालाही ओळखतां येतें. तिची खूण म्हणजे निळा सदरा आणि डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा तांबडा रुमाल. सदरा भाचीच्या यजमानांचा. रुमाल विकत घ्यावयाचा तर पुनः दुकान आलें. इतक्यांत बॅगेच्या तळाशीं विरलेली तांबडी बांधणीची ओढणी सांपडली. पांढरे ठिपके, तांबडी जमीन. याहून काय पाहिजे? पाऊण वार चौरस तुकडा कापून दुमडला, ओटी भरतांना खण दुमडतों तसा तिकोनी. रुंद भाग मानेवर ठेवून दोन्ही टोकें वर आणलीं, कपाळाच्या वर गांठ मारली व शेव आंत खोंचले. बाह्या कोपराच्या वर गुंडाळल्या, गळपट्टीवर पुठ्ठ्याचा गोल बिल्ला लावला. खर्च शून्य, वेळ चहा थंड होईपर्यंत.

टोकदार टोपी आम्हीं स्वतःसाठीं केली. चेटकिणीच्या या टोपीस लोक उगीच भितात. तींत फक्त शाळेंतलें अंकगणित आहे. डोक्याचा घेर साधारण २२ इंच धरावा. काळ्या पातळ पुठ्ठ्यावर दोरीनें १५ इंच त्रिज्येचें वर्तुळ काढून त्याचा नेमका चौथा हिस्सा कापावा. दोन्ही सरळ कडा पाऊण इंच एकमेकींवर आणून चिकटविल्या कीं शंकु तयार. खालच्या कडेस अर्ध्या अर्ध्या इंचाचीं कात्रें द्यावीं आणि ते दांते बाहेर वळवावे. मग १४ इंच व्यासाची चकती घेऊन तिच्या मध्यें ७ इंच व्यासाचें भोंक पाडावें. घेर २२ तर व्यास ७, हें बाविसाव्या सातांशाचें गणित शाळा सोडल्यानंतर आम्हांस प्रथमच उपयोगीं पडलें. चकती वरून घालून दांत्यांवर बसवावी व चिकटवावी. शेवटीं जोड झांकण्यासाठीं जुन्या लुगड्याचा जरीकांठ भोंवतीं गुंडाळावा. अंगांत काळा पोलका आणि काळी साडी असली तरी चालते. माईंनीं हें सर्व दुरून पाहिलें, आणि थोड्या वेळानें निवाडा दिला : "चेटकीण जिवंत असते. भूत नव्हे. एवढें चालेल." जरीकांठ आम्ही वेडावांकडा टांचीत होतों, तो त्यांनीं हातांतून घेतला आणि स्वतःच नीट टांचला.

आमची एक चूकही येथें सांगितली पाहिजे. सर्वांत सोपें सोंग तें पांढऱ्या चादरीचें, म्हणून भाचीसाठीं आम्हीं आरंभीं तेंच योजिलें होतें. डोक्यावर चादर नीट बसावी म्हणून बाळाच्या कुंचीला असतें तसें तिला टोक शिवलें, आणि तें उभें राहावें म्हणून आंत पुठ्ठाही घातला. भाची कचेरींतून आली, तिनें तें पाहिलें आणि तिचा चेहराच उतरला. अमेरिकेंत १८६५ सालीं यादवी युद्ध संपल्यानंतर कू क्लक्स क्लॅन नांवाची गोऱ्या वर्चस्ववाद्यांची गुप्त संघटना निघाली. कृष्णवर्णी लोकांना छळणें, जाळणें, ठार मारणें हा तिचा धंदा, आणि पांढरा झगा व टोकदार पांढरी टोपी हा तिचा वेष. त्या वेषांत भाची कचेरींत गेली असती तर तिच्या शेजारच्या मेजावरील बाईला काय वाटलें असतें, हा विचार मनांत येऊन आमचे हात थिजले. टोक त्याच क्षणीं उसविलें. ज्यांना चादरीचें भूत करावयाचें असेल त्यांनीं माथा गोलच ठेवावा, डोळ्यांसाठीं भोंकें न पाडतां चेहऱ्यापुरता अर्धगोल कापावा, आणि चादर जमिनीपासून चार बोटें वर राहील अशी दुमडून शिवावी. पायरीवर अडखळून पडण्याचें भय त्यानें टळतें. तोंडाला काजळी फांसून कृष्णवर्णी माणसाचें सोंग तर कदापि करूं नये. त्या देशांत एके काळीं नाटकवाले तसें करून त्या लोकांची टिंगल करीत, आणि ती जखम अजून भरलेली नाहीं.

भाचीची नणंद फिलाडेल्फियास वैद्यकाचें शिक्षण घेते. तिनें निवड आपली आपणच केली : आनंदीबाई जोशी. १८८३ सालीं आनंदीबाई अमेरिकेस आल्या त्या न्यू जर्सींतीलच रोझेल गांवीं, श्रीमती कार्पेंटर यांच्या घरीं. आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून एम्. डी. झाल्या. १८८५ च्या प्रसिद्ध छायाचित्रांत एक जपानी व एक सीरियन सहाध्यायिनी यांच्यासमवेत त्या बसल्या आहेत, आणि अंगावर साडी आहे. मुलीनें आईकडे नऊवारी मागितली. माईंनीं क्षणभर तिच्याकडे पाहिलें, आणि स्वतःच्या हातानें तिला नेसविलें. कासोटा घालतांना दोनदां सोडून पुनः घातला. गळ्यांत मुलीचीच छाती तपासण्याची नळी, आणि पाठीवर टांचलेल्या कागदावर नांव व सालें.

यावर घरांत थोडा वाद झाला. २०११ सालीं ओहायो विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं भित्तिपत्रकें काढून सांगितलें होतें कीं, आम्ही एक संस्कृति आहों, सोंग नव्हे. दुसऱ्याच्या जातकुळीचा पोशाख थट्टेखातर अंगावर चढवूं नका. भाचीनें तें आठवून विचारलें, "मग साडी हें सोंग कसें?" आमचें मत असें कीं, नुसती 'हिंदु बाई' होणें आणि आनंदीबाई जोशी होणें यांत फार अंतर आहे. एकींत माणूस नाहीं, दुसरींत आहे. नणंदेचें म्हणणें याहून सोपें होतें : "कोणी विचारील ही कोण, तर मला तिची गोष्ट सांगतां येईल."

विस्तवाविषयीं माईंनीं जो नियम घालून दिला तो मात्र सर्वांनीं उचलावा असाच आहे. त्या रात्रीं पायरीवर आपल्या पणत्या आणि शेजाऱ्यांच्या भोपळ्यांत मेणबत्त्या, म्हणजे पदरांना व झग्यांना दुहेरी धोका. तयार सोंगांचें नायलॉन वितळून अंगाला चिकटतें. सुताचें तसें होत नाहीं, पण पेटतें तेंही. म्हणून पणत्या उंच कठड्यावर कांचेच्या पेल्यांत गेल्या, भोपळ्यांत विजेरीचे दिवे आले, आणि आनंदीबाईंचा पदर कमरेस घट्ट खोंचला गेला. ऑक्टोबरअखेर तिकडे बहुधा थंडी असते, व सोंगाखालीं लोकरीचें कांहीं तरी घालावें लागतें. त्या वर्षीं मात्र अवेळीं उकाडा होता, आणि टोपीखालीं आम्हांस घाम फुटला.

संध्याकाळीं मुलें येऊं लागलीं. माईंनीं सणाची म्हणून नऊवारी पैठणी नेसली होती, नाकांत नथ होती. त्या दारांत खुर्ची टाकून चॉकोलेटें वांटीत बसल्या. सहा-सात वर्षांची एक मुलगी त्यांच्यासमोर थबकली आणि डोळे विस्फारून तिनें विचारलें, "तुम्ही कोण झाल्या आहांत?" नातवानें मराठींत सांगितलें. भाची एकदम पुढें झाली, कांहीं बोलणार, तों माईंनींच हात केला. "तिला सांग, मी कांहीं झालें नाहीं. मी आजी आहे. आणि तूं कोण ग?"

ती कोळीण होती. माशांची नव्हे, जाळ्यांची. काळ्या पायमोज्यांत चिंध्या भरून तिच्या आईनें सहा पाय केले होते, आणि दोन्ही बाजूंना तीन तीन टांचले होते. त्यांतला एक सुटून लोंबत होता. माईंनीं तिला जवळ ओढलें, पाय उचलून पाहिला, आणि आंत वळून हांक मारली, "अगं, माझा शिवणाचा डबा आण, आणि काळा दोरा."