काट्यावरचे वजन आणि मैदानावरची मुलगी

मुलीचे वजन हा आपल्या घरांत कधी तिचा एकटीचा विषय राहत नाही. सुटीत आलेली आत्या दारातच "किती सुटली आहे ही!" असे म्हणते, नाहीतर "अगदीच काडी झाली" म्हणून हळहळते. इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, ही रीत आपण सर्वांनी निष्ठेने जपली आहे. म्हणूनच आपल्याकडे अल्पपरिचित अशा एका खेळातील स्त्रियांची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. तो खेळ म्हणजे रग्बी.

लंबगोल चेंडू हाती घेऊन धावत जायचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा, हे या खेळाचे सार. चेंडू घेऊन धावणारीला कवेत धरून खाली पाडण्याची मुभा असते. कबड्डीतली पकड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या झोंबाझोंबीची कल्पना येईल. स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९१ साली वेल्समध्ये झाली व ती अमेरिकेने जिंकली. २०२५ च्या सप्टेंबरात लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे हरवून विश्वचषक मिळविला, तेव्हा प्रेक्षकांची संख्या ८१ हजारांहून अधिक होती.

या खेळात एकच एक आदर्श बांधा नाही, ही आम्हाला सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. संघात पंधरा जणी असतात. त्यांपैकी आठ जणी फॉरवर्ड. दोन्ही संघांच्या फॉरवर्ड खांद्याला खांदा भिडवून एकमेकींना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. तिथे मान, पाठ आणि मांड्या भक्कम हव्यात. उरलेल्या सात जणी बॅक. त्यांच्या वाट्याला मोकळ्या जागेतील धाव येते, म्हणून त्या बहुधा हलक्या व चपळ असतात. एकाच संघातील दोघींच्या वजनांत वीस-पंचवीस किलोंचा फरक असला, तरी दोघीही आपापल्या जागी योग्यच ठरतात. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये खेळला जाणारा सात जणींचा प्रकार आणखी वेगळा. सामना अवघा चौदा मिनिटांचा. पण मैदान तेवढेच मोठे, त्यामुळे प्रत्येकीला बळही लागते आणि दमसासही.

मग वजनाचा काटा काय सांगतो? फार थोडे. शरीरात मेद असतो, तसेच स्नायू, हाडे आणि पाणीही असते. काटा या सर्वांची बेरीज तेवढी दाखवितो. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून काढतात, त्या बॉडी मास इंडेक्सचेही तेच. त्याचे मूळ सूत्र केटेले या बेल्जियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले, ते जनसमूहाचा अभ्यास करताना. एकेका व्यक्तीचे आरोग्य जोखण्यासाठी नव्हे.

अमेरिकेच्या इलोना माहेर या खेळाडूचे उदाहरण पाहा. उंची ५ फूट १० इंच, वजन सुमारे ९० किलो, म्हणजे इंडेक्स २९ च्या आसपास. पंचवीसच्या पुढे वजन जास्त आणि तिसाच्या पुढे स्थूलता, हा जागतिक मापदंड लावला तर ती स्थूलतेच्या उंबरठ्यावर उभी! २०२४ साली कोणी तिला यावरून टोमणा मारला. शिक्षणाने परिचारिका असलेल्या या तरुणीने शांतपणे हिशेब मांडला : त्या ९० किलोंपैकी अंदाजे ७७ किलो मेदविरहित आहेत. शाळेत असताना तपासणीच्या कागदावर "वजन जास्त" असा शेरा पडल्याने आपल्याला लाज वाटली होती, हेही तिने सांगितले. त्याच वर्षी पॅरिसला तिच्या संघाने ऑस्ट्रेलियाला १४-१२ असे हरवून कांस्यपदक पटकाविले.

जाणते प्रशिक्षक म्हणूनच काट्यावर थांबत नाहीत. चिमट्यासारख्या उपकरणाने त्वचेखालील मेदाची जाडी मोजतात; डेक्सा नावाच्या सौम्य क्ष-किरण तपासणीने हाडे, मेद व इतर भाग निराळे करून पाहतात. दमसासासाठी २०, ४० आणि ६० मीटर अंतरावर जाऊन परत येण्याच्या पाच फेऱ्या, एकूण १२०० मीटर, धावून घेतात व वेळ टिपतात.

याचा अर्थ वजन कितीही असावे असा नव्हे. अनावश्यक मेद प्रत्येक धावेत ओझे होऊन बसतो. परंतु उपाशी राहून तो घटविणे अधिक घातक. श्रमाच्या मानाने आहार अपुरा पडला, तर पाळी अनियमित होते वा थांबते, हाडे कमजोर होतात, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेविषयी स्पष्ट इशारा दिला. सराव कसून चालला आहे म्हणून पाळी चुकते, असे समजून आयांनी स्वस्थ बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आणि आम्हा बैठ्या मंडळींनी इलोनाच्या आड लपू नये! आपल्या भारतीयांच्या देहात तेवढ्याच इंडेक्सला मेद अधिक असतो. म्हणून आपल्याकडील डॉक्टर २३ पासूनच सावध करतात व स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात.

रग्बी आता आपल्या मुलींपासूनही दूर राहिलेली नाही. २०१९ च्या जूनमध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या प्रकारातील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदविला. भारताचे कर्णधारपद भूषविलेल्या वाहबिझ भरुचा पुण्याच्या, आणि व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट.

तेव्हा वाचकभगिनींनो, मुलगी मैदानावरून घरी आली की तिचे वजन विचारण्यापूर्वी आज ती किती धावली, कोणाला अडविले, हे विचारा. आणि पानात भाकरीबरोबर उसळ, दूध, अंडे असे काही भरपूर वाढा. आत्याबाईंनाही जेवायला बसवा. सामन्याची हकीकत त्यांच्याही कानी पडू द्या.