लाकूड वाजतं की वादक?
क्लॅरिनेटवादकांत आफ्रिकी काळ्या लाकडाचं आणि नव्या माउथपीसचं कौतुक संपता संपत नाही. पण या वाद्यात कंप पावते ती रीड आणि नळीतली हवा; नळीची भिंत जवळजवळ गप्पच असते. जॉन बॅकस या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मोजमापांनी हेच दाखवलं. चुलतभाऊ सॅक्सोफोनचं उदाहरण तर गाजलेलंच: टोरांटोच्या १९५३च्या मैफलीत जॅझवादक चार्ली पार्करने प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवला. मग वाद्य कसलंही चालेल? नाही. माउथपीसच्या तोंडाशी केसाएवढा फरक वादकाला जाणवतो, आणि नळीची छिद्रं झाकणाऱ्या गळक्या गाद्या उस्तादालाही हैराण करतात. तेवढं नीट असेल, तर पुढचा बेसूर लाकडाच्या माथी मारता येत नाही. श्वास आणि ओठांची पकडच तपासावी लागते. खरेदी त्याहून कितीतरी सोपी!