खुब्याचा घसारा

कोणतेही यंत्र बसविल्या दिवसापासून झिजू लागते. म्हणून शहाणा कारखानदार पहिल्याच वर्षी घसाऱ्याची तरतूद करतो. कृत्रिम खुब्याच्या बाबतीत मात्र हा साधा व्यवहार आपण विसरतो. शस्त्रक्रिया झाली, रुग्ण चालू लागला, की खाते बंद झाले असे आपण मानतो. वस्तुतः ते तेथूनच उघडते.

इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात १९६२ च्या नोव्हेंबरात जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा व पॉलिएथिलीनची वाटी असलेला सांधा बसविला आणि शल्यशास्त्रात नवे युग सुरू झाले. परंतु वाटीच्या झिजेतून सूक्ष्म कण सुटतात. शरीरातील भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या प्रक्षोभात भोवतालचे हाड विरघळू लागते. अधिक टिकाऊ पॉलिएथिलीन आल्यापासून ही झीज पुष्कळ घटली, तरी जंतुसंसर्ग आणि सांधा सैल होणे ही हाड खाणारी कारणे उरलीच आहेत.

खरी मेख अशी की, हाड झिजत असता ते बहुधा दुखत नाही. दुखू लागते तेव्हा भांडवल बरेचसे संपलेले असते. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत केवळ सांधा बदलून भागत नाही. पोकळी भरावी लागते. नेदरलँड्समधील नायमेखेन येथील शल्यविशारदांनी रूढ केलेल्या पद्धतीत दात्याच्या हाडाचे बारीक तुकडे पोकळीत ठोकून घट्ट बसवितात, आणि कालांतराने त्यांत रुग्णाचे स्वतःचे हाड रुजते. पोकळी फार मोठी असल्यास सच्छिद्र धातूचा आधार द्यावा लागतो. खर्च व धोका दोन्ही वाढतात.

हे दात्याचे हाड येते कोठून? पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या पहिल्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मांडीच्या हाडाच्या गोळ्यातून. एरवी तो टाकूनच दिला जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. परंतु पेढी ठेवींवर चालते, आणि ठेवीदार आपणच आहोत.

तेव्हा मागणी माफक आहे. प्रत्येक रुग्णाच्या हाती बसविलेल्या सांध्याची नोंद असावी, दुखत नसतानाही ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च पहिल्याच शस्त्रक्रियेच्या हिशेबात धरावा. स्वीडनने १९७९ पासून अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली, ती याच दूरदृष्टीने. एका क्ष-किरण चित्राची काटकसर करून हाड गमावणे, याला बचत म्हणत नाहीत.