चित्रपुस्तकांची वाट (लेखांक ६) : आजीलाही वाचता येईल असे पुस्तक

मुलांच्या पुस्तकात चित्रे असणे आणि ते पुस्तक चित्रपुस्तक असणे यांतील भेद मागील लेखांकात ओझरता येऊन गेला, तो येथे उलगडून पाहिला पाहिजे. सचित्र गोष्टीतील चित्रे वगळली तरी गोष्ट कळते; चित्रपुस्तकात मात्र गोष्टीचा निम्मा भार चित्रच वाहते, मजकूर काही गोष्टी मुद्दाम सांगत नाही, आणि ती न सांगितलेली जागा तीन-चार वर्षांच्या मुलाला आपल्या डोळ्यांनी भरून काढावी लागते.

मॉरिस सेंडक या अमेरिकी चित्रकाराच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकात ही विभागणी स्पष्ट दिसते. दांडगाई केल्यामुळे मॅक्सला जेवू न घालता खोलीत धाडले जाते, खोलीत जंगल उगवते आणि तो होडीत बसून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या देशी जातो, एवढेच कथानक. परंतु आरंभी कोऱ्या समासात आक्रसलेले चित्र झाडांबरोबर पसरू लागते, ऐन धिंगाण्याच्या वेळी सलग तीन जोडपाने, म्हणजे उघड्या पुस्तकाची समोरासमोरची पाने मिळून होणारी चित्रे, एकाही शब्दावाचून येतात, आणि मॅक्सला घराची ओढ लागल्यावर चित्र पुन्हा आवरते. परतलेल्या मॅक्सचे जेवण खोलीत मांडलेले असते आणि ते अजून गरम असते. शेवटच्या पानावर तर चित्रही उरत नाही. लहान मुलाचे साहस घरी ताट वाढलेले असेल या भरवशावरच चालते, हे सेंडकने कुठेही उपदेश न करता दाखवले आहे.

मैत्रीचे उदाहरण याहून साधे आहे. चित्रकार लिओ लिओनी यांनी आगगाडीच्या प्रवासात कंटाळलेल्या नातवंडांसाठी मासिकाची पाने फाडून रंगीत तुकड्यांची गोष्ट रचली, तिचे पुस्तक १९५९ मध्ये निघाले. निळा आणि पिवळा हे दोन दोस्त एकमेकांना इतके घट्ट बिलगतात की हिरवे होऊन जातात, आणि मग त्यांचे आईबापच त्यांना ओळखत नाहीत. नाक-डोळे नसलेल्या कपट्यांविषयी मुलांना कळवळा वाटतो, यात चित्रपुस्तकाचे सामर्थ्य आले.

मराठीत या प्रकाराचा सर्वांत जाणता विचार माधुरी पुरंदरे यांनी केला आहे. त्या लेखिका आणि चित्रकार दोन्ही असल्यामुळे शब्दाने कुठे थांबावे हे त्यांना नेमके कळते. ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांतील घरे, माणसे, रुसवेफुगवे मराठी घरांतले आहेत, आणि ‘चित्रवाचन’मध्ये तर चित्रच पाठ्य होते. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला. एरवी मराठी बालपुस्तकांत चित्राला कोपऱ्यात जागा आणि तात्पर्याला शेवटची ओळ ही वाटणी अजून पुरती मोडलेली नाही.

चित्रपुस्तक मांडीवर घेऊन वाचून दाखवणारे मोठे माणूस घरात असते, हे मात्र बहुतेक पुस्तकांनी गृहीत धरलेले असते. बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या ठिकाणी हे गृहीतक अडखळते. गावाजवळच साखर कारखाना आहे, तरी या भागातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी मिळून मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ धरला जातो. लेकरे फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जातात, हंगामी वसतिगृहात राहतात किंवा आजी-आजोबांपाशी मागे उरतात. या आज्यांपैकी अनेकींनी शाळा पाहिलेली नाही. दाट मजकुराचे पुस्तक त्यांना मिटलेलेच राहते, पण चित्रांचे तसे नाही. बाजाराच्या एखाद्या चित्रावर बोट ठेवून “ही बाई वांगे घेऊ लागली, पण ध्यान लेकराकडंच हाय बघ” असे म्हणणारी आजी वाचनच करत असते, कारण तिने नजरेची दिशा पाहिलेली असते, त्यावरून मन ओळखलेले असते आणि पुढे काय घडेल याचा अंदाज बांधलेला असतो. साक्षर वाचकही याहून वेगळे काही करत नाही.

ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पाठीला पाठ चिकटवलेल्या चित्रांची पोथी पुढ्यात मांडून, एकेक चित्र दाखवत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. श्रोत्याला अक्षरओळख हवी ही अट या पोथीने कधी घातली नाही; सांगणाऱ्याने प्रत्येक खेपेला थोडे निराळे सांगितले तरी कोणाची हरकत नसे. बिनशब्दांचे चित्रपुस्तक हातात धरलेली आजी या परंपरेच्या जितकी जवळ आहे, तितकी ती पाठ्यपुस्तकाच्या जवळ नाही.

म्हणून तेलगाव परिसरातील शाळांनी व अंगणवाड्यांनी हंगामाआधी चार-दोन बिनशब्दांची किंवा थोड्या शब्दांची चित्रपुस्तके आजीच्या नावावर नोंदवून घरी द्यावीत. कोपरे दुमडतील, एखादे पान फाटेलही; तरी पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, आईबाप गावी परतेपर्यंत ती परत मागू नयेत.